अक्काचा उन्हाचा आजार

"यात तू काय कालवलंस?" माझ्या मोठ्या जावेनं ताट पुढे सरकवत मला विचारलं. मला वाटलं, ती नेहमीसारखी थट्टा करतेय.

ताटात ज्वारीची भाकरी होती, अंबाडीची भाजी होती, लसणाचं तिखट होतं. सगळं तिच्या डोळ्यांदेखत केलेलं. मी हसले. ती हसली नाही.

"जीभ जळून राह्यली माझी," ती म्हणाली. "तुला माझी पोरगी पायजे. मी मेले की ती तुझीच व्हती. मला कळत न्हाई व्हय?"

तिची सहा वर्षांची मुलगी शेजारीच जेवत होती. जावेनं तिच्या हातातला घास काढून घेतला आणि चुलीत टाकला.

माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि मला मूल झालेलं नव्हतं. त्यामुळे ते बोलणं माझ्या वर्मीच लागलं. मी न जेवता उठले, गोठ्यात जाऊन म्हशीच्या आडोशाला उभी राहून रडले. मला आळाचं दुःख होतं, पण त्याहून जास्त, हे अक्का बोलली याचं होतं. दुसरी कोणी बोलली असती तर मी तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं.

मी तिला अक्का म्हणायची. आमचं गाव भोकरदनपासून दोन कोसांवर. घरात सासूबाई, दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा आणि अक्काची ती एक मुलगी. मी जालन्याची, शाळामास्तरांची लेक, चार इयत्ता शिकलेली आणि शेतातलं काडीचंही काम न येणारी. लग्नानंतर पहिल्यांदा कपाशी वेचायला नेलं, तेव्हा बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी माझी बोटं रक्ताळली. अक्कानं माझा हात हातात घेऊन दाखवलं. बोंड डाव्या हातानं खालून धरायचं आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी कापूस ओढायचा नाही, अलगद उचलायचा. मला ते जमेपर्यंत महिना गेला. तोवर ती रोज आपल्या ओटीतला कापूस गुपचूप माझ्या ओटीत टाकायची, सासूबाईंपुढे मी कमी पडू नये म्हणून.

तिला नकला फार छान यायच्या. सारावसुलीसाठी गावात घोड्यावरून येणारे गिरदावर उतरताना कसे कण्हतात, आमच्या सासूबाई चिडल्या की नाकातून कशा बोलतात, सगळं ती हुबेहूब करायची. एकदा सासूबाईंनीच मागून ते ऐकलं आणि त्यांनाही हसू आवरेना. आमच्या घरात हसण्याचा आवाज यायचा तो तिच्यामुळे.

आजार आधी तिच्या अंगात आला, मग बोलण्यात. तो क्रम मला खूप नंतर कळला.

त्या आधीच्या फाल्गुनात ज्वारीची काढणी चालू असताना तिला ताप भरला. मनगटं आणि बोटांचे सांधे इतके सुजले की विहिरीचा दोर तिच्यानं ओढवेना. नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाल चट्टा उठला, कुंकू फासल्यासारखा. भोकरदनच्या सरकारी दवाखान्यातून कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या आणल्या, कारण ताप म्हटला की तेव्हा कोयनेलच मिळायचं. काही दिवसांनी ताप गेला, सूज गेली. आम्ही विसरून गेलो.

मग कार्तिकात कपाशीची वेचणी आली आणि सगळं परत सुरू झालं. या वेळी केस मुठीनं गळायला लागले. तोंडात आतून फोड आले. आणि तिचं मन फिरलं. तिला विहिरीवरच्या बायका तिच्याबद्दल कुजबुजताना ऐकू यायच्या, विहिरीवर कोणी नसतानाही. मी केलेलं ती खाईना. तोंड फोडांनी सोललेलं, त्यात तिखट लागलं की आग व्हायची आणि तिला वाटायचं, हेच विष. आज ते किती साधं वाटतं. तेव्हा मला फक्त तिचा आळ ऐकू येत होता, तिचं तोंड उघडून बघावं हे सुचलंच नाही.

एका सकाळी तिनं मुलीला घेतलं, कापसाच्या खोलीत शिरली आणि आतून कडी घातली. हातात विळा होता. दोघे भाऊ भोकरदनच्या बाजाराला गेले होते. सासूबाई दार बडवत ओरडायला लागल्या, "उघड गं! पोरीला काय करून राह्यलीस?" त्या जितक्या ओरडत तितकी आतून अक्का गप्प होत गेली. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटली. मी सासूबाईंना हाताला धरून अंगणाच्या पार टोकाला नेऊन बसवलं.

त्या खोलीला एक लहान गजांची खिडकी होती. मी तिथं जाऊन उभी राहिले. अक्का कापसाच्या ढिगावर मुलीला कवटाळून बसली होती. विळा पोरीवर नव्हता, दाराकडे रोखलेला होता. ती तिला आमच्यापासून वाचवत होती.

"अक्का," मी म्हणाले, "पोरीला तहान लागली आसंल."

"पाण्यातबी कालवशील."

"मी आधी पिते. तू बघ."

मी तांब्या तोंडाला लावून, तिला दिसेल असं घटाघटा पाणी प्यायले आणि उरलेला तांब्या गजांतून आत दिला. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी मेले का, ते बघत असावी. मग तिनं मुलीला पाजलं. मग स्वतः प्यायली. ऊन डोक्यावर येऊन कलेपर्यंत मी त्या खिडकीशी उभी होते, आणि बोलत होते ते काहीबाही. शेवटी तिनंच कडी काढली. मुलगी धावत आजीकडे गेली. मी अक्काचा हात धरला, तर तो तव्यासारखा तापलेला. मनगटाच्या जागी नुसती गोल सूज. बांगड्या मांसात रुतल्या होत्या.

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं की ही बोलते ती एकटी बोलत नाही, हा ताप तिच्याबरोबर बोलतोय.

सासूबाईंना ते बाहेरचं वाटलं. गावातल्या बहुतेकांना तसंच वाटलं. त्यांनी तिला दोन गावं पलीकडच्या दर्ग्यात नेलं. मी बरोबर गेले. मला आजही त्या जागेला हसावंसं वाटत नाही. तिथले म्हातारे मुजावर शांत माणूस होते. त्यांनी तिला मारलं नाही, धूर दिला नाही, काही कबूल करायला लावलं नाही. ओसरीत जागा दिली आणि सासूबाईंना म्हणाले, "माई, हिला पडू द्या. थकलीय बिचारी." पंधरा दिवस ती लिंबाच्या सावलीतल्या त्या ओसरीत पडून होती. मुजावरांच्या घरून रोज ताक यायचं. तिचा चट्टा फिका पडला, मनगटं उतरली आणि एका दुपारी तिनं मला विचारलं, "घरी म्हशीला कोण बघून राह्यलं?"

पीर पावला, असं सासूबाई म्हणाल्या. त्यांनी नवस फेडला आणि फाल्गुनात अक्का परत आमच्याबरोबर ज्वारीत उतरली. दहाव्या दिवशी ती शेताच्या धुऱ्यावर, बांधाला बसून, कुणाला तरी आपल्याला मारू नका म्हणून हात जोडत होती. समोर कोणी नव्हतं.

मग घरात दुसरंच बोलणं सुरू झालं. सासूबाईंची एक बहीण आली होती. तिनं मोठ्या दिरांपुढे विषय काढला. "तिला भावाकडं घालव. तुझं वय काय झालंय? आमच्याकडं एक पोरगी हाय, चांगली कामाची." सासूबाई मध्येच म्हणाल्या, "म्या काय वंगाळ सांगून राह्यले का? एक लेकराची माय अशी आन एकीला लेकरूच न्हाई. घर चालायचं कसं?" दोन्ही वाक्यं मला आतल्या खोलीत ऐकू आली.

मोठे दीर अबोल माणूस. त्यांच्यासमोर मी कधी बोलत नसे, पदर पुढे ओढून आत जायचे. पण त्या दिवशी मी दाराआडूनच, सासूबाईंना उद्देशून म्हणाले, "आत्याबाई, जालन्याला बायकांचा दवाखाना हाय. तिथं डॉक्टरीणबाई हायेत. एकदा दाखवून आणू. मंग तुमी ठरवा."

मग मोठे दीर आईला म्हणाले, "धाकलीला इचार, संगं येती का." आणि उठून बैलगाडी जुंपायला गेले. मावशीबाईंना उत्तर मिळालं ते एवढंच.

भोकरदनपर्यंत गाडीनं आणि तिथून मोटारीनं आम्ही जालन्याला गेलो. मोटारीत अक्का माझ्या खांद्याला चिकटून बसली होती, आणि तरीही मधूनमधून माझ्या हाताकडे संशयानं बघत होती. माझ्या माहेरी उतरलो. माझ्या आईच्या हातचं तिनं खाल्लं. माझ्या हातचं नाही.

डॉक्टरीणबाई मूळच्या हैदराबादच्या. घरी उर्दू बोलणाऱ्या, पण आमच्याशी मोडक्या मराठीत बोलायच्या. चष्मा लावलेल्या, ठेंगण्या, पन्नाशीच्या. त्यांनी आधी अक्काला काहीच विचारलं नाही. तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन एकेक बोट दाबून पाहिलं. तोंड उघडायला लावलं. फोड बघून त्या "च्च" म्हणाल्या. "इतकं तोंड सोललंय, ही जेवते कशी?"

आजवर तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. अक्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"कधीपासून आहे?" त्यांनी मला विचारलं. मला तारखा कुठून माहीत असणार? मी कामं सांगितली. "पहिल्यांदी ज्वारी काढताना. मंग कपाशी वेचताना. दर्ग्यात बसली तवा बरी झाली. आता परत ज्वारीत."

"आणि पावसाळ्यात?"

"निंदायला येत होती. तवा काही न्हाई झालं."

"पावसाळ्यात तर काम जास्त." त्या विचार करत म्हणाल्या. "मग दर्ग्यात कुठं बसायची?"

"ओसरीत. सावलीत."

त्यांनी अक्काची हनुवटी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. नाकावरून दोन्ही गालांवर गेलेला तो चट्टा पाहिला. पदराखालचं कपाळ पाहिलं, ते स्वच्छ होतं. "काम नाही," त्या म्हणाल्या. "धूप. हिला ऊन चालत नाही."

मी धीर करून विचारलं, "पण डॉक्टरीणबाई, उन्हानं अंग भाजंल. माणूस असं बोलंल कसं?"

त्यांनी मला समोर बसवून जे सांगितलं, ते मला शब्दन् शब्द आठवतं असं म्हणणार नाही, पण त्याचा अर्थ माझ्या मनातून कधी गेला नाही. "बघ बेटी, हिचे सांधे सुजले ते तुला दिसतात. गाल लाल झाले ते दिसतात. दिमाग पण याच शरीरात आहे ना? तो सुजला तर कुणाला दिसणार? तो असा दिसतो. भीतीत, शकमध्ये." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मी अशा दोन-तीन बायका बघितल्यात. आधी सांधे, मग मन. सांधे उतरले की मन पण उतरतं. का होतं ते मला बराबर माहीत नाही. किताबांत पण पूरं लिहिलेलं नाही. आणि सगळं वेड असं नसतं, हे पण सांगते. पण हिचं असंच वाटतं."

मोठे दीर बाहेर व्हरांड्यात उभे होते. बाईंनी दारात जाऊन त्यांना सांगितलं, की उन्हात पाठवायचं नाही, पोटभर खायला घालायचं, तिखट बंद, आराम द्यायचा, आणि ती काही बोलली तर वाद घालायचा नाही. सांध्यांसाठी एक औषध दिलं. आणि कोयनेल दिलं. कोयनेल बघून मी चपापले. हा मलेरिया नाही, पण अशा चट्ट्यावर कोयनेल कधी कधी लागू पडतं, असं त्या म्हणाल्या.

"बरी व्हईल का?" दिरांनी खाली बघून विचारलं.

"बरी होईल. परत पडेल. परत बरी होईल. तुम्ही थकू नका."

आता माझी नात डॉक्टर झाली आहे. तिला मी हे सगळं सांगितलं. तिनं आजाराचं नाव सांगितलं, ल्युपस, आणि तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही असंही म्हणाली. रोगाशी लढायला शरीरात जी फौज असते ती कधी कधी आपल्याच शरीराला परकं समजते आणि त्यावर चालून जाते. सांध्यांत दाह होतो, कातडीत होतो, मूत्रपिंडांत होतो, मेंदूतही होतो. उदासी, भ्रम, संशय यांच्या मागेही काही माणसांत असा दाह असू शकतो, हे आता शोधलं जातंय. कोयनेलच्याच जातीतलं एक औषध या आजारात आजही देतात. मी ते ऐकत होते आणि माझ्या मनात एवढंच येत होतं, की अक्काच्या अंगातली फौज आपल्याच घरावर उलटली होती, आणि अक्काला वाटत होतं आम्ही उलटलोय.

गावी परतल्यावर अक्काचं शेत बंद झालं. तिच्या वाटणीचं मी करायला लागले. सासूबाईंना ते पटलं नाही. "राणी घरात आन दासी रानात," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. पण मोठ्या दिरांनी एकदाच सांगितलं, "जालन्याच्या बाईनं सांगितलंय," आणि पुढे ते बोलणं घरात तरी थांबलं.

जेवताना मी तिच्याच ताटातला पहिला घास खायचे. न विचारता, रोज. दुधात भाकरी कुस्करून द्यायचे, तिखट नाही. पहिले आठ-दहा दिवस ती माझा घास गिळेपर्यंत थांबायची. मग कमी थांबायला लागली. एका दिवशी मी घास घ्यायच्या आतच तिनं जेवायला सुरुवात केली. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले, कारण मला तिथं बसवेना.

कोयनेलनं तिच्या कानात गुणगुण व्हायची. "किडे वरडून राह्यले," ती म्हणायची. मी घाबरायची, की परत आवाज आले. एकदा तिनंच मला समजावलं. "हे किडं येगळं. ते मला नावानं हाका मारत न्हाईत."

ज्येष्ठात ती बरीच माणसात आली. आम्ही दोघी ओसरीत सरकी निवडत होतो. ती अचानक म्हणाली, "मला सगळं याद हाय."

"काय?"

"तुला म्या काय काय बोलले ते. तू इख घातलंस म्हनले. पोरीवरून बोलले."

"तू आजारी व्हतीस अक्का."

"व्हते. पण मला तवा खरंच वाटत व्हतं. तुला खोटं कशाला सांगू, अजूनबी थोडं वाटतंय. कळतं की खोटं हाय, तरी वाटतं. मंग मी तुझ्या तोंडाकडं बघते अन ते जातं."

मी तिच्याकडे बघितलं. माफी मागणं तिला अवघड जात असेल असं मला वाटलं होतं. पण तिनं माफीपेक्षा अवघड गोष्ट केली होती. तिच्या मनात काय उरलंय ते मला दाखवलं होतं.

त्यानंतर ती आठ-नऊ वर्षं जगली. आजार चार वेळा उलटला. पण आता आम्हाला तो ओळखता यायचा. बोटांचे सांधे चढायला लागले की ती स्वतःच सांगायची, "आता चार-आठ दिस माझं ऐकू नका." मुलीचा हात माझ्या हातात द्यायची, "हिला तुझ्यापाशी निजव." ज्या मुलीसाठी तिनं माझ्यावर आळ घेतला, तिला तीच माझ्याकडे सोपवत होती. त्या दिवसांत ती मला शिव्या द्यायची, ताट भिरकावायची. आम्ही वाद घालत नसू. लागायचं नाही असं नाही. लागायचंच. पण मी तिच्या सुजलेल्या मनगटाकडे बघायची आणि राग थोडा खाली बसायचा. बरी झाली की ती आपल्याच बडबडीची नक्कल करून दाखवायची, आणि आम्ही हसावं की नाही ते आम्हाला कळायचं नाही. सासूबाई आधी हसायच्या.

शेवटी तिच्या पायांवर आणि तोंडावर सूज आली. लघवी कमी झाली. ते निजामाचं राज्य जायच्या आधीचं शेवटचं वर्ष होतं. गावात धाकधूक होती, माणसं बायकापोरांना घेऊन निजामाच्या हद्दीबाहेर, बुलढाण्याकडे सरकत होती. आमच्या घरानंही निघायचं ठरवलं. अक्काला हलवणं शक्य नव्हतं. मोठे दीर म्हणाले, "तुमी सगळे जा. म्या हितं हाय." सासूबाई गाडीत बसल्या, परत उतरल्या आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. मग आम्हीही राहिलो. आमच्या गावाला त्या वर्षी काही झालं नाही. अक्का श्रावणात गेली. शेवटचे तीन दिवस ती शुद्धीवर नव्हती, त्याआधी मात्र तिचं मन स्वच्छ होतं, आणि तिनं मुलीच्या केसांना स्वतः तेल लावलं.

दिरांनी दुसरं लग्न केलं नाही. मुलगी माझ्यापाशी वाढली. मला पुढे दोन मुलं झाली, पण ती थोरली.

तिच्या लग्नाच्या वेळी एका चांगल्या घरातून माणसं बघायला आली. चहा झाला, बोलणी जमत आली, तेव्हा त्यांच्यातल्या एका वयस्क बाईनं सासूबाईंच्या जवळ सरकून विचारलं, "माय येडी व्हती म्हणं पोरीची?"

सासूबाईंनी पदर सावरला. त्यांनी त्या बाईकडे सरळ पाहिलं.

"येडी न्हवती," त्या म्हणाल्या. "तिच्या सांध्यांत सूज येत व्हती, ती डोक्यात जात व्हती. जालन्याच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. माझी सून लई गुणाची व्हती. तुमाला पटत आसंल तर बसा."

ती माणसं उठून गेली. पुढच्या वर्षी गोदाकाठच्या शहागडचं स्थळ आलं. त्यांनीही तेच विचारलं, सासूबाईंनी तेच उत्तर दिलं, आणि मुलाच्या आईनं फक्त एवढंच विचारलं, "मंग तिला लई तरास झाला आसंल न्हाई?" लग्न तिथंच ठरलं.